शहाण्णव नावं, आणि एक

लग्न तीन आठवड्यांवर आलं
की मधाची बिस्किटं भाजायला घ्यावीत.
ताजी असताना ती नुसते दगड असतात.
ओताकारकाकांनी चावली,
तर वरातीऐवजी दवाखाना.

एकतीस वर्षं मी मोरावाकाठच्या या गावात टपाल वाटलं.
आधी सायकल, मग गाडी, मग गुडघे.
पाकिटांवरची नावं इतकी वाचली
की माणूस समोर आला तरी
मला आधी त्याचं अक्षर आठवतं.
म्हणून मार्केता म्हणाली, नावं तूच घाल,
प्रत्येक ताटाशेजारी एक बदाम ठेवू.
पाहुणे शहाण्णव.

अंड्याचा पांढरा बलक, तीनदा चाळलेली पिठीसाखर,
लिंबाचे दोन थेंब.
पिशवीचं टोक सुईएवढं कापायचं.
धार तुटली तर हात उचलायचा,
श्वास सोडायचा, पुढचं अक्षर.
लाल रंग वापरायचा नाही. लाल कितीही सुकवा,
रात्रीतून पांढऱ्यात शिरतोच.

आठ दिवस घरात सूप नाही.
वाफेनं साखरेला घाम फुटतो.
बोहुमिल अंगणातल्या शेगडीवर बटाटे उकडतो
आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो,
बायकोनं घराबाहेर काढलंय.
यार्मिलानं खरं मानलं.
वाडगाभर लोणच्याच्या काकड्या दिल्या त्याला,
वर माझ्याकडे रागानं बघितलं.

सुकायला एक पूर्ण रात्र.
बोटानं दाबून बघायचं नाही,
ओठ टेकवायचा. गार लागलं
तर आत अजून ओल आहे.

मग पत्र्याचे डबे.
कागद, थर, कागद, थर,
मी गल्लीवार लावते, सवयच तशी:
गिरणीकडचे तळाशी, चर्चमागचे वर.
कोपऱ्यात सफरचंदाची एक फोड.
फोड सुकत जाते, बिस्किटं मऊ होत जातात.
दर दोन दिवसांनी ती बदलायची,
विसरलात तर बुरशी धरते
आणि सगळा डबा कोंबड्यांना.

यादीत व्होयतेखचं नाव नव्हतं.
मार्केताचा बाप. ती नऊ वर्षांची होती,
तो ओस्त्रावाला गेला, तिकडचाच झाला.
एका ओळीचं पत्रसुद्धा टाकलं नाही त्यानं,
असं ती म्हणते. हसत म्हणते.

पत्रं यायची.
चार वर्षं, महिन्याला एक,
पाकिटावर मुलीचं नाव, ठळक, शाळकरी अक्षरात,
तिला वाचता यावं म्हणून असेल.
मी सकाळी दहाला पोचायचे. मुलगी शाळेत.
तिची आई दारातच पाकीट उलटं करायची,
माझ्याचकडे पेन मागायची,
लिहायची: घेण्यास नकार.
मी शिक्का मारायचे.
नियमात बसत होतं.
पेन परत घेऊन खिशाला लावायचे
आणि पुढच्या घरी वीजबिल.

आई गेली त्याला आता सहा वर्षं झाली.
मी मातीला गेले होते. तिथेही बोलले नाही.

परवा रात्री पिशवीत थोडी साखर उरली.
टाकून द्यायची, तर एक बदाम कोरा होता,
कडेला जरासा करपलेला.
मी व्होयतेख लिहिलं.
माझ्या नाही, त्याच्या अक्षरात,
व असा, पोट फुगलेला.
हाताला तो पाठ होता,
मला ठाऊकही नव्हतं.

त्याला वेगळा डबा दिला, चहाचा, छोटा.
फोड वेगळी.

आज मार्केता गाडी घेऊन आली, मागची सीट आडवी करून.
डबे मोजले. सात म्हणालीस ना,
मग हा आठवा कुणाचा?
बोहुमिल बटाटे सोलायचा थांबला.
मी म्हटलं, आधी बस.
ती बसली नाही. उभ्यानंच झाकणाला नख लावलं,
झाकण घट्ट होतं,
निघालं तेव्हा
आधी सफरचंदाचा वास आला.